काकतालीय आणि कृपा

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण मराठीत म्हणतो, आणि बहुधा हसून म्हणतो. परंतु मठाच्या ओसरीवर भक्तमंडळींच्या गोष्टी ऐकाव्यात, तर तेथे अशी गाठ सहजासहजी पडलेली कोणी मान्य करीत नाही. श्रींचे स्मरण केले आणि बारा वर्षे न भेटलेला स्नेही वाटेत भेटला. पोथी उघडली आणि मनातील शंकेचे उत्तर त्याच पानावर निघाले. गाडी चुकली आणि त्याच गाडीला पुढे अपघात झाला. अशा प्रसंगांना योगायोग म्हणावे की संकेत मानावा? प्रश्न नाजूक आहे, पण नवा नाही. आपल्या शास्त्रकारांनी तो निर्भयपणे हाताळलेला आहे.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील १०६ व्या सूत्राने ‘काकतालीय’ हा शब्द सिद्ध होतो. सातव्या शतकातील काशिकावृत्तीने त्याचा अर्थ उलगडला आहे. कावळा ताडापाशी आला, त्याच वेळी फळ गळले, आणि त्या फळाखाली कावळा मेला. त्याचप्रमाणे देवदत्त एका स्थळी गेला, तेथे दरोडेखोर येऊन ठेपले, आणि त्यांनी त्याला ठार केले. वृत्तिकारांनी कावळ्याच्या येण्याला स्पष्टपणे ‘यादृच्छिक’ म्हटले आहे. मराठी म्हणीत फक्त फांदी तुटते. मूळ दृष्टांतात जीव जातो. आणि तरीही देवदत्ताने कोणते पाप केले होते, अशी पृच्छा वैयाकरण करीत नाहीत. त्यांचे हे मौन मला फार अर्थपूर्ण वाटते.

याचा अर्थ जगात काहीही विनाकारण घडते, असा मात्र नव्हे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीच्या आरंभीच्या भागात आकस्मिकवादाचे खंडन केले आहे. कार्य आहे तेथे कारण असलेच पाहिजे. कावळा आला त्याला कारण होते, भूक वा थकवा. फळ पडले त्यालाही कारण होते, देठ पिकला होता. विचार करण्याजोगी गोष्ट एवढीच, की या दोन कारणमालिका एका क्षणी एकत्र आल्या, त्या एकत्र येण्यामागे आपल्याला उद्देशून धाडलेला एखादा निरोप असतो काय?

येथे नैयायिकांचीच कसोटी लावावी. एक असता दुसरे असणे हा अन्वय, आणि एक नसता दुसरे नसणे हा व्यतिरेक. दोन्ही दाखविल्यावाचून कार्यकारणभाव ठरत नाही. कावळा किती वेळा बसला आणि फळ पडले नाही? कावळा नसताना किती फळे पडली? स्मरण केल्यावर स्नेही भेटला तो दिवस आपण जन्मभर सांगतो. स्मरण करूनही कोणी भेटले नाही ते शेकडो दिवस कोणाच्या कथेत येत नाहीत. आपण केवळ अन्वय मोजतो आणि व्यतिरेक विसरतो.

ही चूक नुसती तर्काची असती, तर ती सोडून देता आली असती. पण ती दयेचीही चूक आहे. गाडी चुकली म्हणून जो वाचला, त्याच्यावर कृपा झाली असे आपण आनंदाने म्हणतो. मग त्या गाडीत जे होते, त्यांच्या घरच्यांना आपण काय सांगणार? वाचलेल्याच्या मनात सूक्ष्म अहंकार शिरतो, आणि ज्याचे माणूस गेले त्याच्या दुःखात अपराधाची भर पडते. जी कृपा एकाला निवडण्यासाठी दुसऱ्याला टाकते, तिला गुरुकृपा म्हणण्यास जीभ रेटत नाही.

मग योगायोगांत काहीच अर्थ नाही काय? आहे, पण तो कोठे शोधावा, हे इतिहासाची दोन उदाहरणे दाखवितात.

१९०५ साली तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ग्रंथ लिपीतील एक ताडपत्री पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आणून दिली. तेथे होते रुद्रपट्टण शामशास्त्री. ती पोथी कौटिलीय अर्थशास्त्राची आहे, हे त्यांनी ओळखले. तोपर्यंत हा ग्रंथ विद्वानांना मुख्यत्वे इतरांनी केलेल्या उल्लेखांतूनच ठाऊक होता. दंडीने त्याचे नाव घेतले होते, बाणाने त्याची निंदा केली होती. शामशास्त्र्यांनी १९०९ मध्ये मूळ ग्रंथ आणि १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पोथी आणि शास्त्री यांची भेट काकतालीय म्हणता येईल. परंतु ग्रंथालय १८९१ पासून उभे होते, आणि शास्त्र्यांचा व्यासंग त्याहून जुना होता. अशी पूर्वतयारी नसती, तर तीच पोथी आणखी एक ताडपत्रांचा जुडगा म्हणून फडताळात पडली असती.

दुसरे उदाहरण एका मठाचेच आहे. १९१० च्या सुमारास त्रावणकोर संस्थानात, पद्मनाभपुरम्‌जवळील मणलिक्करा मठात, त. गणपतिशास्त्री यांना मल्याळम् लिपीतील एक जुनी ताडपत्री पोथी आढळली. तीत दहा संपूर्ण नाटके व अकरावे अपुरे होते. कालिदासाने ज्या भासाचा आदराने उल्लेख केला, त्याची ही नाटके, असे त्यांनी प्रतिपादिले, आणि १९१२ पासून ती प्रकाशित केली. ती सर्व भासाचीच काय, हा वाद अद्याप मिटलेला नाही. पण शास्त्री तेथे पोहोचेपर्यंत ती पोथी शाबूत होती, हे निर्विवाद आहे. आणि ताडपत्रे आपोआप शाबूत राहत नाहीत. ती झाडावी लागतात, त्यांना तेल लावावे लागते, किडीपासून जपावे लागते. त्या मठात पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ही सेवा केली, त्यांना आपण काय राखीत आहोत याची कदाचित कल्पनाही नसेल.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव नाकारलेले नाही. पण ते पाचवे आहे. मैसूरच्या आणि मणलिक्कऱ्याच्या भेटींत आधीची चारही सिद्ध होती, म्हणून पाचव्याला फळ आले. गुरुकृपा शोधायचीच, तर ती वाटेत भेटलेल्या माणसात शोधू नये. तो भेटला असता त्याला ओळखण्याची जी दृष्टी गुरूंनी आपल्याला दिली, तिच्यात शोधावी.

संस्कृतात काकतालीयाचाच एक सोबती आहे, घुणाक्षरन्याय. लाकूड किंवा पोथी पोखरता पोखरता कीड चुकून अक्षराचा आकार कोरते, त्यावरून तो निघाला. त्या आकारात अर्थ शोधण्यात वेळ घालवावा, आणि तोपर्यंत किडीने उरलेले पान खावे, हे शहाणपण नव्हे. आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या पोथ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या आहेत. या उत्सवाच्या निमित्ताने ती फडकी सोडावीत, पाने झाडावीत, आणि वाचता न आल्यास जाणत्याला दाखवावीत. उद्या कोण कोठून येईल, आणि त्याला नेमके काय हवे असेल, हे श्रीचरणांनाच ठाऊक.