भोपळा, माठ आणि स्पीकरचा डबा

एनिसमध्ये राहणाऱ्या माणसाला स्पीकर हवेतच कशाला, असं कोणी विचारलं तर ते चुकीचं नाही. इथे संध्याकाळी एखाद्या पबमध्ये शिरावं, तर कोपऱ्यात फिडल, बासरी आणि कॉन्सर्टिना घेऊन चार-पाच जण बसलेले असतात. ना माईक, ना कर्णा. पण मंडळी, भीमसेनजी किंवा किशोरीताई काही एनिसच्या पबमध्ये भेटणार नाहीत. त्यांना घरी आणायचं तर स्पीकरच लागतो, आणि तो बरा लागतो.

बरा म्हणजे काय, याची माझी कसोटी अगदी सोपी आहे. तंबोऱ्याचा खर्ज ऐकू येतो का? पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपास बोलते. फोनच्या इवल्याशा स्पीकरला हा स्वर झेपतच नाही. वरच्या स्वरांवरून आपला मेंदू खर्ज ओळखून घेतो, म्हणून आपली फसगत होते. पण ज्यांनी तंबोरा समोर बसून ऐकलेला आहे, त्यांचीच ही ओळख. इथे जन्मलेल्या मुलांनी तो फक्त फोनवर ऐकला असेल, तर त्यांच्यासाठी तंबोरा म्हणजे एक माशी गुणगुणल्यासारखा आवाज. हा खर्ज माणसाने डब्यात कसा आणला, त्याची ही गोष्ट. त्यात हौशी लोकांचा वाटा कंपन्यांहून कमी नाही, बरं का.

सुरुवात आमच्या क्लेअर काउंटीशी थोडी जोडलेली आहे. इथल्या आर्डनाक्रुशाचं जलविद्युत केंद्र १९२९ साली सुरू झालं, ते जर्मनीच्या सीमेन्सने बांधलं. या सीमेन्स घराण्याच्या वेर्नर सीमेन्सने १८७४ साली चुंबकात हलणाऱ्या कॉइलचं पेटंट घेतलं होतं. आजच्या बहुतेक स्पीकरचा तोच मूळपुरुष. पण तेव्हा ना रेडिओ होता, ना अॅम्प्लिफायर. कॉइल हलवून ऐकवायचं काय? पन्नास वर्षं गेली. १९२५ साली अमेरिकेत राईस आणि केलॉग यांनी कागदी कोनाचा स्पीकर नीट मांडून दाखवला. लगेच १ जानेवारी १९२६ ला डब्लिनचं रेडिओ केंद्र सुरू झालं आणि २३ जुलै १९२७ ला मुंबईचं. म्हणजे आयरिश आजोबा आणि आपले आजोबा साधारण एकाच वेळी रेडिओसमोर कान लावून बसले. इथल्या खेड्यांत १९४६ नंतर हळूहळू वीज आली. तोवर रेडिओची बॅटरी दुकानात नेऊन चार्ज करून आणावी लागे.

आता खरी अडचण. नुसता स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर खर्ज गायब होतो. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ७० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ पाच मीटर. एवढ्या लांब लाटेला आठ इंची स्पीकरला वळसा घालणं म्हणजे किरकोळ काम. समोरचा दाब मागची पोकळी भरून काढतो आणि हाती शून्य. म्हणून मागची हवा कोंडायची, म्हणजेच डबा हवा.

आपल्याकडे यावर निघालेला उपाय अनेकांनी पाहिला असेल: पाण्याचा माठ! माठाच्या तोंडावर स्पीकर उलटा नाही, सुलटा, म्हणजे छताकडे तोंड करून बसवायचा, कडेला मेण किंवा एम-सील लावायचं, की झालं. लोक याला जुगाड म्हणून हसतात, पण मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. भाजलेली माती कडक असते, गोल भिंत सहजासहजी थरथरत नाही, आणि समोरासमोर सपाट भिंती नसल्याने आत आवाज घुमण्याचा त्रास कमी. चूक एवढीच की माठ किती लिटरचा हवा हे कुंभार ठरवायचा, स्पीकर नव्हे.

इथे तंबोऱ्याशी तुलना करायचा मोह होतो, आणि नेमकी तिथेच दिशा बदलते. मिरजेचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे निवडून घेतात, कारण भोपळा बोलला पाहिजे. त्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कसबामुळेच. स्पीकरच्या डब्याचं उलट. तो गप्प बसला पाहिजे. रेकॉर्डमध्ये भोपळा आधीच बोलून गेलेला आहे, डब्याने पुन्हा बोलायचं कारण नाही.

डब्याला गप्प बसवण्यासाठी लोकांनी काय काय नाही केलं! यॉर्कशरच्या गिल्बर्ट ब्रिग्जने १९३२ साली व्हार्फडेल कंपनी काढली. हा मूळचा कापड व्यवसायातला माणूस, पियानोचा वेडा. त्याने दोन प्लायवूडच्या मध्ये वाळू भरली, कोपऱ्यात विटांचे स्पीकर बांधायला सांगितले, आणि १९४८ पासून सोप्या भाषेत पुस्तकं लिहिली. स्पीकर विकणाऱ्यानेच तो घरी कसा बांधायचा हे सांगावं, हे मला फार आवडतं. १९५४ साली त्याने लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये खरे वादक आणि त्यांची रेकॉर्डिंग्ज पाठोपाठ ऐकवून श्रोत्यांची परीक्षाच घेतली. पुढे बीबीसीने वेगळीच वाट धरली: पातळ प्लायवूड, आतून डांबरी पट्ट्या. भिंत थरथरू दे, पण लगेच थांबू दे.

डबा किती मोठा हवा, याचं उत्तर मात्र ऑस्ट्रेलियातून आलं. नेव्हिल थील या इंजिनिअरने १९६१ साली तिथल्या एका तांत्रिक नियतकालिकात लेख लिहिला. स्पीकरचे मोजके आकडे मोजा: तो आपणहून कुठल्या स्वराला झुलतो, झुलल्यावर किती लवकर थांबतो, आणि किती लिटर हवेची स्प्रिंग त्याच्या कोनाइतकी ताठ आहे. एवढ्यावरून डबा गणिताने काढता येतो. दहा वर्षं जगाने फारसं लक्ष दिलं नाही! १९७१ साली अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने तो पुन्हा छापला, सिडनीत संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉलने ते काम पुढे नेलं, आणि आज प्रत्येक वूफरच्या कागदावर थील-स्मॉल आकडे असतात. नसले तरी घरी मोजता येतात. कोनावर ठरावीक वजनाचा प्लॅस्टिसिनचा गोळा चिकटवायचा आणि झुलण्याचा स्वर किती खाली उतरला ते बघायचं.

आपल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हे आकडे कोण देणार? आयातीवर बंधनं होती त्या काळात स्पीकर हातात घ्यायचा, कोन अंगठ्यांनी हळूच दाबून बघायचा, मॅग्नेटचं वजन तोलायचं आणि पैसे द्यायचे. जळलेली व्हॉईस कॉइल पुन्हा गुंडाळून, नवा कोन लावून देणारे कारागीर होते. डबा नेहमीचा सुतार बनवायचा, तोही उरलेल्या सागवानी प्लायमधून. त्या हौशी मंडळींचे कान मात्र तयार होते. पुढे पुण्याच्या केडन्स ऑडिओने तर पातळ पडद्याचे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवून परदेशातही विकले. असो.

इथे घरी बांधणाऱ्याला आता सगळंच सोपं आहे. आठ इंची वूफर, एक ट्विटर, क्रॉसओव्हरचे चार सुटे भाग आणि अठरा मिलिमीटरचा एमडीएफ. भाड्याच्या घरात दुकानातूनच फळ्या मापात कापून आणाव्यात, म्हणजे घरमालकाचा कार्पेट वाचतो. एमडीएफचा भुसा फार बारीक, तेव्हा मास्क लावा. सगळ्या फटी गोंदाने बुजवा, कारण बंद डबा कुठे गळला तर थीलचं गणित वाया.

राहता राहिलं आतलं भरण. १९६५ साली ब्रॅडफर्डच्या आर्थर बेलीने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात एक डबा मांडला, त्यात लांब धाग्याची लोकर भरली होती. आवाजाची मागची लाट त्या लोकरीतच विरून जाते. आपल्याकडे गादीचा कापूस भरायचे, पण तो कालांतराने खाली बसतो. क्लेअरमध्ये मेंढ्यांना तोटा नाही, आणि अलीकडे लोकरीला भाव इतका पडलेला आहे की शेतकऱ्याचा कातरणीचा खर्चही निघत नाही. ओळखीचा शेतकरी असेल तर पिशवीभर लोकर सहज मिळेल. फक्त साबणाच्या कोमट पाण्यात दोनदा धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरा. तिला कसर लागते, आणि आयर्लंडच्या हवेत वास तर येतोच येतो.