पुणे नदीने वसवले की सत्तेने?

शहराचा अभ्यास करताना भूगोलतज्ज्ञ आधी जागा पाहतात, मग घडण. पुण्याच्या बाबतीत मात्र सगळे श्रेय जागेला देणे मला पटत नाही. मुठेचा काठ आणि घाटवाटांची जवळीक कसब्याच्या मूळ वस्तीला कैक शतके लाभली होती, तरी गाव बेताचेच राहिले. १७३० साली पेशव्यांच्या शनिवारवाड्याचे काम सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत पेठांमागून पेठा वाढल्या. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळातून शहरातल्या हौदांत आले. वाटेत हवा खेळण्यासाठी ठेवलेले उच्छ्वास आजही काही ठिकाणी दिसतात. नदीपासून लांब दाट वस्ती टिकली ती या पाण्याच्या आधारावर.

कुणी म्हणेल, कात्रज उंचावर होते म्हणूनच पाणी उतरले, म्हणजे निर्णायक ठरला तो भूगोलच. पण तो उतार आधीही होताच. त्याचा उपयोग करणारी राजधानी नव्हती. १८१७ नंतर इंग्रजांनी पेठांच्या पूर्वेला लष्कर वसवले, तेही रुंद रस्ते आणि ऐसपैस बंगल्यांचे. जागा जवळजवळ तीच, घडण साफ निराळी. सत्तेच्या कारभाराची कागदपत्रे असलेले पेशवे दप्तर पुण्यातच आहे. नगरभूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशासोबत तेही उघडावे.