ब्रह्मपुरीचा रोमन साठा : अन्वयार्थाचा वाद

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ मध्ये प्रा. के. जी. कुंदणगार यांच्या देखरेखीखाली तांब्या-काशाच्या वस्तूंचा मोठा साठा उजेडात आला. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी डेक्कन कॉलेजतर्फे तेथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. साठ्यातील समुद्रदेव पोसायडनची लहानशी मूर्ती जगभर गाजली. अंगावर वस्त्र नाही, केस-दाढी कुरळी, हातातला त्रिशूळ गळून गेलेला. सोबत द्राक्षमद्याचा सुरईवजा चंबू आणि पर्सियस-अँड्रोमेडा यांची उठावाची चकती होती.

एवढ्यावरून कोल्हापुरात रोमन व्यापारी राहत असत असे म्हणण्याचा मोह होतो. त्या काळाची हवाही तशीच होती : १९४५ मध्येच मॉर्टिमर व्हीलर यांनी पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला यवनांचे, म्हणजे ग्रीक-रोमनांचे, व्यापारी ठाणे ठरवले होते. पुढे विमला बेग्ली यांनी १९८९ ते १९९२ या काळात ते स्थळ पुन्हा खणले. वस्ती रोमन मालाच्या आधीची आणि मुळात स्थानिक असल्याचे त्यांनी दाखवले. ब्रह्मपुरीच्या साठ्यालाही तोच प्रश्न विचारायला हवा. रिचर्ड डी प्यूमा यांनी १९९१ मध्ये या वस्तूंचा बारकाईने फेरविचार केला. साठ्यातील बहुतेक माल इथल्याच कारागिरांचा आहे, परदेशी वस्तू मोजक्याच. हत्तीवर बसलेल्या स्वारांचे देखणे काशाचे शिल्पही याच साठ्यातले, आणि ते अस्सल सातवाहनकालीन आहे. असा मिश्र ऐवज एखाद्या श्रीमंत घरातला असेल किंवा तांबटाच्या दुकानातला. त्यासाठी रोमन माणूस कोल्हापुरात आलाच पाहिजे असे नाही.

खापरांची गोष्ट अधिक बोलकी आहे. दख्खनमध्ये अँफोरा या मद्यकुंभाचा तुकडा म्हटला की तो रोमन, असा सरधोपट शिक्का बसत असे. रोबर्टा टोंबर यांनी भारतातील असे तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांपैकी बरेच इराकच्या बाजूच्या लांबट ‘टॉर्पेडो’ रांजणांचे निघाले. ओळख आतल्या लेपावरून आणि मातीवरून पटते : त्या रांजणांना आतून डांबराचा काळा लेप असतो, तर इटलीतील नेपल्सच्या परिसरातील कुंभांच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू चमकते. नेवाशाला खरे भूमध्यसागरी कुंभही सापडले आहेत, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा पाहावा लागतो.

इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांनी हाच धडा दिला आहे. कुसैर अल्-कदीम हे ठिकाण दीर्घकाळ ल्यूकोस लिमेन हे प्राचीन बंदर मानले जाई. १९९९ ते २००३ च्या उत्खननानंतर ते मायोस होर्मोस असल्याचे निश्चित झाले. बेरेनिके येथे भारतीय बनावटीच्या रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी सापडली. तेथेच २०२२ मध्ये मिळालेली बुद्धमूर्ती मात्र भूमध्यसागराकडील संगमरवराची आहे. मिरी नुसती मालाची ये-जा सांगते. परक्या दगडात घडवलेला बुद्ध त्याला पूजणारी माणसे जवळपास होती असे सुचवतो. ब्रह्मपुरीत या दुसऱ्या प्रकारचा पुरावा नाही.

लिखित पुराव्याबाबतही अशीच सावधगिरी हवी. प्राचीन भूगोलकार टॉलेमीने बालिओकूरोस राजाच्या हिप्पोकूरा या राजधानीचा उल्लेख केला आहे. रा. गो. भांडारकरांनी हे नाव कोल्हापूरच्या नाण्यांवरील विळिवायकुर राजाशी जोडले. राजाची ओळख पटण्यासारखी आहे. राजधानी कोल्हापूरच, हे मात्र अनुमानच राहते.

किनाऱ्यावरून माल घाटमाथ्यावर कसा चढला, याचे उत्तर सातारा-सांगलीच्या कृष्णाखोऱ्यात शोधले पाहिजे. चिपळूणकडून कुंभार्ली घाट चढून येणारी वाट कोयनाकाठाने कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर उतरते. कराडचे जुने नाव करहाकट. तेथील दानाचा उल्लेख दूर मध्य प्रदेशातील भारहूत स्तूपावर कोरलेला आहे, आणि जवळच्या जखिणवाडी-आगाशिव डोंगरात बौद्ध लेण्यांची मोठी रांग आहे. एवढ्या संपन्न पेठेच्या जुन्या वस्तीची माती आज विटांसाठी आणि शेतासाठी उचलली जाते. वस्तू कोणत्या थरात, कशासोबत होती हे एकदा पुसले गेले की मूर्ती हाती राहते आणि इतिहास जातो. म्हणून कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना विनंती : पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, नाणे, मणी वा कोरीव खापर दिसले तर ते उचलू नका, जागेवरच ठेवून तहसील कार्यालयाला कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील किमतीचा पुरलेला ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे.