कोकणातील बौद्ध समाजाचा वंश कोणता?

वर्षावासाच्या दिवसांत देवगड-जामसंडे परिसरातील बौद्धवाड्यांतून धम्मप्रवचने होतात. प्रवचन संपून चहा फिरू लागला की एक प्रश्न हमखास पुढे येतो. विचारणारा बहुधा तरुण असतो, मुंबईला नोकरी करणारा, चार पुस्तके वाचलेला. "आपण मूळचे कोण? नागवंशी, अनार्य, द्रविड की आणखी कोणी?" या प्रश्नामागची तळमळ आम्ही जाणतो. ज्यांना शतकानुशतके गावाबाहेर ठेवले गेले, त्यांना आपण कोठून आलो हे जाणून घ्यावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो त्यातच एक गफलत दडलेली असते. तिचा विचार करावा, एवढ्याचसाठी हा लेख.

जामसंडे हे देवगडला लागूनच असलेले, हापूस आंब्याच्या बागांचे गाव. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. या किनाऱ्यावर मराठा, भंडारी, गाबीत, ब्राह्मण, मुसलमान, ख्रिस्ती आणि पूर्वाश्रमीचे महार व चांभार असे नाना समाज जवळजवळ राहत आले. बोली एकच, भात-मासळीचा आहारही बव्हंशी एकच. आडनावे पाहावीत तर जाधव, पवार, मोरे, कदम ही नावे मराठ्यांतही आहेत आणि बौद्धांतही आहेत. गावाच्या नावाला 'कर' जोडून होणारी आडनावे तर कोणत्याच जातीची मिरास नव्हेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात नेमका हाच पुरावा मांडला. महाराष्ट्रातील मराठ्यांची कुळे व महारांची कुळे ताडून पाहिली तर ती बव्हंशी एकच आढळतात, असे त्यांनी दाखविले. जिथे कुळे एक तिथे रक्त वेगळे कसे, हा त्यांचा सरळ सवाल होता.

'वंश' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ फार जुना नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी भारतीयांच्या नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावली. नाकाची रुंदी ही उंचीच्या शेकडा किती, हा त्यांचा नासिकांक. जसजसे नाक रुंद तसतसा सामाजिक दर्जा खाली, असा त्यांचा सिद्धांत होता. मराठ्यांना त्यांनी 'सिथो-द्रविड' ठरविले. माणसाचे माणूसपण एका मोजपट्टीवर बसविण्याचा हा उद्योग आज हास्यास्पद वाटतो, परंतु वंशाच्या अशा कल्पनांनी पोटावर पाय दिला होता, हे कोकणी माणसाने विसरू नये. मुंबई लष्करात कोकणातील महार सैनिकांची मोठी परंपरा होती. १८५७ नंतर 'लढवय्या वंशा'ची कल्पना सरकारी धोरणात रुजत गेली आणि १८९० च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. दापोलीसारख्या ठिकाणी वसलेल्या पेन्शनर कुटुंबांच्या पुढच्या पिढीला लष्कराचे दार लागले. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ साली मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावे लागले.

या अन्यायाविरुद्ध पहिला लेखी आवाज उठविणारे गोपाळबाबा वलंगकर हे कोकणचेच. महाडजवळचे हे निवृत्त हवालदार. त्यांच्या संस्थेचे नाव 'अनार्य दोष परिहारक मंडळी'. मात्र १८९० च्या दशकात त्यांनी भरतीसाठी जो अर्ज तयार केला, त्यात महार हे मूळचे क्षत्रिय असून १३९६ पासूनच्या दुर्गादेवीच्या दुष्काळात अभक्ष्य खावे लागल्याने पतित झाले, असे म्हटले होते. संस्थेच्या नावात अनार्य आणि अर्जात क्षत्रिय! आम्ही यात विसंगती पाहत नाही. समोरचा ज्या भाषेत हक्क नाकारतो त्याच भाषेत तो मागावा लागे. सरकार वंश विचारीत होते, म्हणून वलंगकरांनी वंश सांगितला. आज मात्र तो आपल्याला कोणी विचारीत नसताना आपणच का सांगत सुटावे?

बाबासाहेबांनी हा प्रश्न विद्यार्थिदशेतच सोडविला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधात त्यांनी म्हटले की युरोपीय अभ्यासक स्वतः वर्णद्वेषाने ग्रस्त असल्यामुळे जातीच्या मुळाशी त्यांना रंगच दिसतो. जातीचे सार रंगात नसून पोटजातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनात आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी लिहिले की पंजाबचा ब्राह्मण व पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, आणि मद्रासचा ब्राह्मण व मद्रासचा परिया हेही एकाच वंशाचे. 'द अनटचेबल्स'मध्ये तर त्यांनी रिस्लेचेच शस्त्र त्याच्यावर उलटविले. डॉ. गो. स. घुर्ये यांनी जुन्या मापांची फेरतपासणी केली होती. तिच्यात आढळले ते असे : देशस्थ ब्राह्मण चित्पावनाला जितका जवळ, तितकाच सोनकोळ्यालाही जवळ. त्यानंतर महार आणि कुणबी जोडीने येतात, आणि शेणवी, नागर ब्राह्मण व उच्च मराठा हे त्यांच्याही नंतर. सोनकोळी हा तर आपल्या किनाऱ्यावरचाच मासेमारी करणारा समाज. नाकावरून जात ओळखण्याचा दावा येथेच कोसळतो. बाबासाहेबांचा युक्तिवाद थोडक्यात असा की ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य ठरतात, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविडच.

मग नागांचे काय? १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नाग लोकांचा गौरवाने उल्लेख केला, तो धम्माचा प्रसार करणारे लोक म्हणून. 'द अनटचेबल्स'मध्ये नाग आणि द्रविड ही एकाच लोकसमूहाची दोन नावे असल्याचे ते सांगतात, परंतु अस्पृश्यतेचे कारण ते वंशात शोधत नाहीत. ते त्यांना सापडते मोडलेल्या टोळ्यांतील वाताहत झालेल्या लोकांनी बौद्ध धम्म न सोडण्यात व गोमांस न सोडण्यात. काळ ते इ. स. ४०० च्या सुमाराचा मानतात. ही मांडणी इतिहासाची आहे, रक्ताची नव्हे. नागांचा वारसा सांगणाऱ्या तरुणाला आम्ही चूक म्हणत नाही. त्या वारशाचे तो नासिकांकात रूपांतर करू पाहतो, तेथे मात्र त्याला थांबवावेसे वाटते.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांचे उदाहरण येथे आठवते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवाद्याच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या आणि गुरूला हवा तो वांशिक भेद मापांत दिसत नाही, असा निष्कर्ष लिहिला. पुढे महाराष्ट्रात मापे घेताना एकाच 'ब्राह्मण' नावाखालचे गट परस्परांपासून वेगळे असल्याचे त्यांना आढळले.

आता मोजपट्टीची जागा जनुकशास्त्राने घेतली आहे. २०१३ साली प्रिया मूर्जानी व सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातील ७३ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजच्या जवळजवळ सर्व भारतीय समूहांत दोन प्राचीन प्रवाहांचे मिश्रण आहे आणि ते सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले, असे त्यात दिसते. त्यानंतर हे मिसळणे थांबत गेले. २०१६ साली पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील शास्त्रज्ञांनी अनेक समूहांच्या बाबतीत हा बंद पडण्याचा काळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वीचा, म्हणजे गुप्तकाळाच्या आसपासचा सांगितला. याने बाबासाहेबांचे इ. स. ४०० हे साल सिद्ध झाले असे आम्ही म्हणणार नाही. अस्पृश्यता जनुकांत सापडत नसते. परंतु आधी मिश्रण झाले आणि मागाहून कुंपण पडले, हा क्रम १९१६ च्या निबंधाशी जुळतो, हे नाकारता येत नाही. उच्च मानलेल्या जातींत, विशेषतः उत्तरेत, मध्य आशियाई गवताळ प्रदेशातून आलेल्या पूर्वजांचा अंश सरासरीने अधिक आढळतो, हेही दडवू नये. तो फरक प्रमाणाचा आहे. तेच प्रवाह कोकणातल्या कोणत्याही वाडीत कमीअधिक मिसळलेले असणार.

प्राचीन संघाने तर वंश विचारलाच नव्हता. कार्ले, जुन्नर व नाशिक येथील लेण्यांच्या शिलालेखांत दानकर्ते म्हणून 'यवन' आढळतात. कोकणातील कुडा येथे माळी, वैद्य आणि लोखंडाचा व्यापारी यांची दाने कोरलेली आहेत. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की गवत, किडे, पक्षी व चतुष्पाद यांच्यात जन्मतःच वेगळेपणाची चिन्हे असतात. माणसांत तशी चिन्हे नाहीत, केसांत नाहीत, डोळ्यांत नाहीत, मुखात नाहीत, आणि नाकातही नाहीत. रिस्लेने हे सुत्त वाचले होते किंवा कसे, कोण जाणे.

जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या १९६१ साली २७,८९,५०१ होती, २०११ साली ती ६५ लाखांवर गेली. या समाजात पूर्वी 'साडेबारा पोटजाती' सांगितल्या जात. धम्मदीक्षेनंतर त्यांची नावे पुष्कळांच्या तोंडून गेली. जामसंड्याच्या तरुणाला आपल्या आजोबांची पोटजात सांगता येईलच असे नाही, आणि ते उत्तमच झाले. तरीही सोयरीक ठरविताना तालुका, वाडी आणि जुने नातेसंबंध पाहिले जातात. एका वधू-वर मेळाव्याचा छापील अर्ज अलीकडे आमच्या पाहण्यात आला. त्यात 'धर्म' या रकान्यापुढे 'बौद्ध' असे छापूनच ठेवले होते, आणि त्याच्या खालच्या ओळीत, कंसात, 'पोटजात' हा रकाना भरण्यासाठी मोकळा सोडला होता. आमच्या हाती आलेल्या अर्जात तो भरलेला होता.