मठाचे माप

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या कुशीत वसलेले व आज केवळ पाटणादेवीच्या नावाने ओळखले जाणारे पाटण हे एके काळी निकुंभ राजांच्या अमलातील नांदते नगर होते. आणि तेथील भवानीच्या देवळातला शिलालेख ज्याने एकदा लक्षपूर्वक वाचला, त्याला खानदेशातील संगणकशास्त्राच्या पदवी-शिक्षणाची हकीकत अलीकडच्या कॉलेजांपासून आरंभावी असे कदापि वाटणार नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला हा लेख १२०७ सालचा असून, भास्कराचार्यांचा नातू व यादवराज सिंघणाच्या दरबारचा मुख्य ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन अखंड चालावे यासाठी येथे मठ स्थापिला, अशी त्याची साक्ष आहे.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. परंतु मठाचा खर्च कशातून भागावा हा प्रश्न आला, की तो लेख मराठी बोलू लागतो, आणि ज्ञानेश्वरीहून ऐंशीवर वर्षे जुनी असलेली ही मराठी मोठी रोखठोक आहे. बाजारात जो माल विक्रीस निघेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यावा. जितके घाणे चालतील तितक्यांनी प्रत्येकी एक पळी तेल द्यावे. आणि गावात जे मोजायचे ते मठाच्याच मापाने मोजून मापणावळीचा अर्धा हिस्सा मठाकडे जमा करावा, असा तो बंदोबस्त आहे.

त्या मठात शिकवल्या जाणाऱ्या विद्येचे आजच्या अभ्यासक्रमाशी किती निकटचे नाते आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या कोणती, हा प्रश्न भास्कराचार्यांनी बीजगणितात चक्रवाल पद्धतीने सोडवला आहे, आणि त्याचे लहानात लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे असून येणाऱ्या वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९ आहे. पुढे १६५७ साली फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला होता. बी.एस्सी.च्या प्रथम वर्षातील मुलाने सी भाषेत एकेक संख्या तपासणारी आज्ञावली लिहिली, तर यंत्राला बावीस कोटींहून अधिक फेऱ्या घालाव्या लागतात. चक्रवालाने तेच काम मोजक्या फेऱ्यांत होते. शिवाय, ३२ बिटांच्या चलात ही दोन्ही उत्तरे जेमतेम मावतात, पण ताळा पाहण्यासाठी वर्ग करू जावे तर तो मावत नाही आणि पडद्यावर भलताच आकडा उमटतो. मग चल ६४ बिटांचे केले, की दोन्ही बाजू बिनचूक जुळतात. लूप म्हणजे काय, आणि चांगली रीत व नुसती मेहनत यांत अंतर किती, हे या एका गणितातून जितके उमगते तितके अनेक व्याख्यानांतून उमगणार नाही.

मठ लयाला गेला, तरी बाजाराने विद्येला पोसावे ही रीत या प्रांतातून सर्वस्वी गेली नाही. १९४५ च्या सुमारास जळगाव व अमळनेर येथे कॉलेजे निघाली, ती मूळजी जेठा व प्रताप शेठ यांच्या नावाने. आणि ही दोन्ही नावे कापसाच्या गिरण्यांशी निगडित होती. १९४९ पासून येथील कॉलेजांचा कारभार पुणे विद्यापीठाकडे होता. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू डॉ. निं. कृ. ठाकरे हे गणितज्ञ होते, हा योग मला अत्यंत अर्थपूर्ण वाटतो. २०१८ साली त्याच विद्यापीठाला असोद्याच्या निरक्षर कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले.

मात्र १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि बांभोरी, धुळे, फैजपूर येथे ती उभी राहिली, तेव्हापासून खर्चाचा भार हळूहळू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला. दाराशी कॉलेज आले, हे मोठेच उपकार होत. ज्या मुलींना घरचे पुण्याला कधीही पाठवते ना, त्या यामुळे अभियंत्या झाल्या. परंतु संगणकाच्या तुकड्या बहुतांशी विनाअनुदानित असल्यामुळे फीचा हप्ता रावेर-यावलच्या केळीच्या किंवा शिंदखेड्याच्या कापसाच्या पट्टीतून फेडावा लागतो, आणि भाव पडला तर त्या वर्षीची चिंता एकट्या त्या घराची असते.

पाटणच्या लेखाचा मोठेपणा मी याच ठिकाणी मानतो. तेथे कोणा एका घराने आपले शेत विद्येपायी पणाला लावले नव्हते. प्रत्येक घाण्यामागे एक पळी तेल, अशा लहान लहान वाट्यांवर गणिताची शाळा चालत होती. पळीभर तेलाने तेल्याचे काही उणे होत नव्हते. आणि त्याच्या मोबदल्यात सगळ्या बाजाराचे माप विद्येच्या हाती सोपवण्याइतका त्या नगराचा मोजणी शिकवणाऱ्यांवर विश्वास होता.