सुट्टीतली पुस्तकं आणि हार्टफर्डच्या हेविन्सबाई

अमेरिकेत जून उजाडला की सार्वजनिक वाचनालयांच्या दारात 'समर रीडिंग'चे फलक लागतात. वयानुसार पुस्तकांच्या याद्या, किती वाचलं ते लिहायला तक्ते, पोरांना छोटी बक्षिसं. कंपनीनं मला दीड वर्षासाठी कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला पाठवलं होतं (गाव विमा कंपन्यांचं, त्यामुळे आम्हां आयटीवाल्यांची तिथे कायम जत्रा), तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा बघितला. सुट्टीत काय वाचावं हे जाणत्यानं सांगायचं, ही पद्धत आपल्याकडेही आहेच की. पण तिकडच्या पद्धतीमागे दीडशे वर्षांची भांडणं आहेत, आणि त्या गोष्टीचा एक धागा थेट बडोद्याला, सयाजीरावांपर्यंत येतो. म्हटलं, ह्या वीकेंडला हेच लिहू.

सुरुवात पोरांपासून नाही, मोठ्यांपासून झाली. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं, रेल्वेचं जाळं वाढलं आणि शहरातला मध्यमवर्ग उन्हाळ्यात समुद्रकाठी नाहीतर डोंगरात हवापालटाला जायला लागला. प्रकाशकांनी लगेच संधी ओळखली. प्रवासात न्यायला हलक्याफुलक्या कादंबऱ्या, कागदी बांधणी, किंमत कमी, आणि वर जाहिरात की उन्हाळ्यात हेच वाचा. ब्रुकलिनचे एक गाजलेले धर्मोपदेशक होते, टॅल्मेज नावाचे. ते १८७६ साली चिडून म्हणाले की एरवी शहाणीसुरती असणारी माणसं जुलै-ऑगस्टमध्ये जेवढा कचरा वाचतात तेवढा बाकीच्या दहा महिन्यांत मिळून वाचत नाहीत. आता बोला! म्हणजे बीचवर थ्रिलर वाचणाऱ्याकडे नाक मुरडणं हे काही आजचं नाही.

ह्या सगळ्या गलक्यात हार्टफर्डला एक बाई शांतपणे काम करत होत्या. कॅरोलाइन हेविन्स. जन्म १८४६. १८७५ साली त्या हार्टफर्डच्या 'यंग मेन्स इन्स्टिट्यूट'च्या ग्रंथपाल झाल्या आणि १९२६ साली वारल्या तेव्हाही त्याच कामात होत्या. एकाच नोकरीत पन्नास वर्षं! आमच्याकडे तीन वर्षं टिकलेला माणूस म्हणजे प्रोजेक्टचा भीष्माचार्य.

ह्या वाचनालयाचे सभासद वर्गणी देणारे होते. पोरांसाठी वेगळं असं काही नव्हतं. बाईंनी पोरं काय वाचतात हे बघायला सुरुवात केली आणि 'बाल'वाचकांसाठी शिफारशी छापायला लागल्या. १८८२ मध्ये त्यांची 'बुक्स फॉर द यंग' ही निवडक पुस्तकांची यादी प्रसिद्ध झाली. गंमत म्हणजे ती काढली फ्रेडरिक लेपोल्ट यांनी, म्हणजे ज्यांनी 'पब्लिशर्स वीकली' सुरू केलं तेच. एकाच माणसाच्या एका नियतकालिकात व्यापाऱ्यांच्या जाहिराती, आणि दुसरीकडे ग्रंथपाल बाईंची यादी. त्याच वर्षी बाईंनी देशातल्या २५ वाचनालयांना पत्रं पाठवून विचारलं, की मुलामुलींना चांगल्या वाचनाची गोडी लागावी म्हणून तुम्ही नेमकं काय करता? उत्तरं गोळा करून अहवाल मांडला. फार काही कुणी करत नव्हतं, हे त्यातून उघड झालं.

बाईंची आवड मात्र कडक. होरेशिओ अल्जर आणि ऑलिव्हर ऑप्टिक ह्या लेखकांच्या, गरीब पोरगा कष्ट करून साहेब होतो छापाच्या गोष्टी तेव्हा पोरं अधाशासारखी वाचायची. बाईंना त्या अजिबात पसंत नव्हत्या. इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. आमचे आजोबा बाबुराव अर्नाळकरांचे 'झुंजार' आणि 'काळा पहाड' उशीखाली ठेवून वाचत, आणि त्याच आजोबांनी पुढे मला हरिभाऊ आपट्यांपर्यंत नेलं. अर्नाळकरांना घराबाहेर ठेवलं असतं तर आपटे घरात आले असते का, ह्याची मला शंका आहे. असो.

पण बाईंचं मोठेपण यादीत नाहीच. सुट्टीच्या दिवसांत त्या पोरांना जमवून पुस्तकांवर गप्पा मारत, थोडं वाचून दाखवत, उरलेलं पोरांनी स्वतः वाचायचं. हार्टफर्डच्या गरीब वस्तीत एक सेवाकेंद्र होतं, तिथे त्या बारा वर्षं स्वतः राहिल्या. परदेशी गेल्या की तिथून पोरांना पत्रं लिहायच्या आणि येताना बाहुल्या आणायच्या. पोरगं कोण, त्याला काय झेपतं, हे त्यांना तोंडपाठ. आम्ही लोक 'ज्यांनी हे घेतलं त्यांनी तेही घेतलं' असला कोड लिहून त्याला शिफारस म्हणतो. मी स्वतः असल्या एका मोड्यूलवर आठ महिने काम केलंय. त्याला तुम्ही काय विकत घेतलंत ते कळतं, तुमचं पोरगं मागच्या आठवड्यात कशावरून रडलं ते कळत नाही.

आणि तरीही यादी आणि गप्पा पुरेशा नव्हत्या, कारण दारावर वर्गणी होती. ते दार १८९२ मध्ये उघडलं. वाचनालय सगळ्या गावाला मोफत झालं आणि पुढे हार्टफर्ड पब्लिक लायब्ररी हे नाव घेतलं. मुलांची स्वतंत्र खोली मात्र १९०४ साली आली, म्हणजे यादीनंतर बावीस वर्षांनी! मधल्या काळात क्लीव्हलंडच्या वाचनालयानं १८९७ मध्ये मुलांचा 'लायब्ररी लीग' काढला. त्यात पुस्तक स्वच्छ हातांनी धरायची शपथ असायची. न्यूयॉर्क राज्यात मेल्विल ड्यूई (तेच, दशांश वर्गीकरणवाले) १८९३ पासून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवायला लागले होते.

आता बडोदा. हार्टफर्डपासून साठेक किलोमीटरवर न्यू हेवन आहे. तिथेही एक 'यंग मेन्स इन्स्टिट्यूट' होतं आणि त्याचे ग्रंथपाल होते विल्यम बॉर्डन. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मून बडोद्याच्या गादीवर आलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. पण पोरगं चौथी शिकून शेतावर गेलं आणि वाचायला काहीच मिळालं नाही तर दोन पावसाळ्यांत अक्षरं विसरणार, हे त्यांच्या लक्षात आलं. अमेरिकेतली वाचनालयं त्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी बॉर्डनना बोलावून घेतलं. १९१३ पर्यंत बॉर्डन बडोद्यात होते. राजवाड्यातली सुमारे २० हजार पुस्तकं लोकांसाठी मध्यवर्ती वाचनालयात गेली, १९११ मध्ये ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग निघाला. खेड्यातल्या वाचनालयाच्या खर्चाचा एक तृतीयांश वाटा गावानं उचलायचा, एक प्रांत पंचायतीनं आणि एक सरकारनं. जिथे वाचनालयच नाही तिथे निवडक पुस्तकांची कुलूपबंद लाकडी पेटी जायची आणि तिचं भाडंसुद्धा राज्य भरायचं. वाचणाऱ्याला पै पडत नव्हती.

माझ्या मते खरी शिफारस ही पेटी. यादीत नाव असतं, पेटीत पुस्तक असतं.

हे आत्ता का आठवावं? आपल्याकडे वाचनालयांची परंपरा काही लहान नाही. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकारानं १८४८ मध्येच सार्वजनिक वाचनालय निघालं. कोल्हापूर संस्थानानं तर १९४५ साली ग्रंथालयाचा कायदा केला, देशात पहिला. पण महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात ग्रंथालय कर ठेवला नाही, म्हणून आपली बहुतेक वाचनालयं अनुदान आणि वर्गणीवर चालतात. दारावर अजून वर्गणी, अनामत. मी शिकलो त्या तालुक्याच्या गावी वाचनालयातलं बालविभागाचं कपाट मे महिन्यात हमखास बंद असायचं, कारण काय तर 'सुट्टीत पोरं पुस्तकं फाडतात'. ज्या महिन्यात पोराला वेळ, त्याच महिन्यात कपाटाला कुलूप! बार्बरा हेन्स ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंचा अटलांटातल्या मुलांवरचा अभ्यास १९७८ मध्ये आला. सुट्टीत गरीब घरची मुलं शिक्षणात मागे पडतात आणि ती दरी रोखण्यात सार्वजनिक वाचनालयाचा वाटा मोठा, असं त्यांना दिसलं. कपाटाचं ते कुलूप कुणाला महागात पडतं ते बघा. ज्यांच्या घरी पुस्तकं होती त्यांना काहीच फरक पडत नव्हता.

आम्ही वाचणारे दहा-बारा मित्र-नातेवाईक दर एप्रिलला एकमेकांना सुट्टीतल्या पुस्तकांची यादी पाठवतो. यंदा मी त्याची एक्सेल शीट केली (सवय!). पहिल्या रकान्यात पुस्तक, दुसऱ्यात कुणी वाचावं, म्हणजे 'वय दहा, क्रिकेटवेडा, जाड पुस्तकाला घाबरतो' असं नीट, आणि तिसऱ्यात प्रत कुठे आहे. तिसरा रकाना रिकामा असेल तर ओळ उडवायची. पहिल्याच दिवशी छत्तीसपैकी एकवीस ओळी उडाल्या आणि थोडी भांडणंही झाली. इस्लामपूरच्या आत्याची ओळ मात्र पहिल्या झटक्यात पास. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, नऊ भाग. कुणी वाचावं: 'जे एका जागी बसत नाही ते.' प्रत कुठे: 'माझ्याकडे. दुपारी चारनंतर या, दोन-दोन न्या, आधीचे आणल्याशिवाय पुढचे मिळणार नाहीत.'