सूक्ष्मशस्त्रक्रियेची सराव-साधने

सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या व तंत्रिका जोडण्याचे कसब रुग्णावर शस्त्र चालविण्यापूर्वी हाताला लागावे, म्हणून वापरावयाची स्वस्त निर्जीव साधने. ही कल्पना भारतात जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय योग्येला, म्हणजे सरावाला वाहिलेला आहे. छेदनासाठी कोहळा, दुध्या व काकडी. शिरावेधासाठी मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ. शिवणासाठी कापडाच्या व मऊ चामड्याच्या कडा, असे साहित्य त्यात सांगितले आहे. कानाची पाळी जोडण्याचा सराव मऊ मांसावर व कमळाच्या देठावर करावा, ही सूचना तर आजच्या वाहिनीजोडणीच्या अगदी जवळची वाटते.

१९६० मध्ये अमेरिकेतील व्हर्मॉंट विद्यापीठात ज्यूलियस जेकबसन व अर्नेस्टो स्वारेझ यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने लहान रक्तवाहिन्या जोडून दाखविल्या. मुंबईत नोशीर अंटिया व व्ही. आय. बुच यांनी पोटावरील अंतस्त्वचा व मेद यांचा तुकडा अन्यत्र नेऊन त्याच्या वाहिन्या थेट जोडल्याचा वृत्तांत १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे उंदराच्या मांडीतील सु. १ मिमी. व्यासाची रोहिणी हा शिक्षणाचा मान्य पाठ ठरला. परंतु त्यासाठी प्राणिगृह, भूल व नीतिसमितीची संमती लागते. लहान महाविद्यालयास हे सहसा परवडत नाही.

यावर उपाय अगदी साधे आहेत. पुठ्ठ्यावर ताणलेल्या हातमोज्याच्या रबराला चीर देऊन ती १०-० क्रमांकाच्या, म्हणजे ०.०३ मिमी.हूनही बारीक नायलॉन धाग्याने शिवतात. रबर फाटले की ओढ जास्त झाली, हे गुरूने सांगावे लागत नाही. त्यानंतर कोंबडीची तंगडी घेतात. तिच्यातील रोहिणी सोडवून, कापून, पुन्हा जोडतात. रंगीत पाणी भरून गळती पाहतात आणि अखेरीस वाहिनी उभी चिरून आतील टाके तपासतात. समोरच्या भित्तीबरोबर मागचीही टाक्यात सापडणे, हा नवशिक्याचा नेहमीचा दोष तेव्हाच उघड होतो. रक्त गोठणे व वाहिनी आकसणे यांचे शिक्षण मात्र मृत ऊतकावर होत नाही. ते नाकारण्यात अर्थ नाही.

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) या शेतीप्रधान जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय केवळ पुस्तकी नाही. कडबाकुट्टी यंत्रात हात सापडला, तर तुटलेले बोट थंड न ठेवल्यास सु. १२ तास आणि स्नायुयुक्त भाग सु. ६ तासच जोडण्याजोगा राहतो. पुण्या-मुंबईचा रस्ता या मुदतीचा मोठा वाटा खातो. धाराशिव येथे २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सरावाचे ऊतक येथे बाजारातच मिळते. उस्मानाबादी शेळी तर याच जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाते. शेळीच्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा सराव करण्याची पद्धत भारतात रूढ आहे. महाग राहतो तो सूक्ष्मदर्शक. पहिल्या धड्यांपुरता भिंगाचा चष्मा किंवा भ्रमणध्वनीचा कॅमेराही चालतो, १ मिमी.च्या रोहिणीला तो पुरत नाही.